अहवालावरचा भंडारा

माझ्याकडे रिझर्व्ह बँकेचा २०२४-२५ चा वार्षिक अहवाल आहे. पूर्ण नाही, पहिलं प्रकरण तेवढं. मुलीनं ऑफिसात छापून, स्टेपल मारून दिलं. त्यातलं एक पान अर्धं पिवळं झालंय. हळद आहे ती. झटकली, फुंकली, शेवटी नाद सोडला. पुढच्या वर्षाच्या विकासदराचा आकडा नेमका त्या पिवळ्यात आहे, पण वाचता येतो: साडेसहा टक्के.

गेल्या अश्विनात पट्टणकोडोलीला गेलो तेव्हा तो कागद पिशवीत होता. यात्रेत दोन-तीन तास नुसतं उभं राहायचं असतं, तेवढ्यात वाचू, असा माझा बँकेतल्या माणसाचा हिशेब. बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं ओंजळभर भंडारा वर उधळला, तो निम्मा माझ्या डोक्यावर आणि निम्मा भारताच्या अर्थव्यवस्थेवर पडला.

मी धनगराचा पोरगा. कागलच्या बाजूला आमची मेंढरं असत. चौतीस वर्षं एका बँकेत काढली, रोखपाल म्हणून लागलो आणि शाखाधिकारी म्हणून २०१९ ला सुटलो. पट्टणकोडोली मात्र कधी सुटली नाही. कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातलं हे गाव. विठ्ठल-बिरदेवाचं देऊळ, आणि दसऱ्यानंतर भरणारी यात्रा. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून फरांडेबाबा चालत येतात. त्यांना सन्मानानं देवळाकडे आणतात तेव्हा ढोल-कैताळांच्या आवाजानं छातीचा पिंजरा हलतो. वर छत्र्या, खाली पिवळा धुरळा, आणि त्यात खोबऱ्याचे तुकडे, खारका, लोकर. बाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात, आणि मग अंगात आलेल्या त्या अवस्थेत भाकणूक सांगतात. पाऊस कसा, रोहिणी-मृगाचं काय, पेरा साधेल का, धारण चढती की उतरती, राजकारण कुठल्या वळणावर, रोगराई. वाक्यं तुटक असतात. पुढच्या रांगेतला माणूस मागच्याला सांगतो, तो त्याच्या मागच्याला. माझ्यापर्यंत येईतो त्या वाक्याची दोन-तीन वाक्यं झालेली असतात.

आमचा बाप अंगठेबहाद्दर. मी बँकेत लागल्यावर ऑगस्ट संपताना वर्तमानपत्रात रिझर्व्ह बँकेच्या अहवालाची बातमी येई, ती मी घरी मोठ्यानं वाचून दाखवायचो. तेव्हा अहवाल ऑगस्टात यायचा. एका वर्षी वाचून संपल्यावर बाप म्हणाला, “म्हंजी तुमच्या मुंबईच्या फरांड्याची भाकणूक झाली म्हण की.”

मला राग आला होता. विशी-पंचविशीत माणसाला अशा गोष्टींचा राग येतो. भाकणूक म्हणजे अंगात येणं, आणि अहवाल म्हणजे शास्त्र. दोन्ही एका दावणीला बांधायची? आता साठी उलटून गेल्यावर वाटतं, बापानं नुसती चेष्टा केली नव्हती. त्यानं एक प्रश्न विचारला होता आणि मी तो ऐकलाच नव्हता. जे अजून घडलेलंच नाही, त्याबद्दल खरं बोलता येतं का? आणि येत नसेल, तर बोलणाऱ्याला कुठल्या अधिकारानं ऐकायचं?

अहवाल काय असतो ते आधी सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातलं ५३ वं कलम म्हणतं की वर्षाचे हिशेब मिटल्यावर दोन महिन्यांच्या आत बँकेच्या केंद्रीय मंडळानं वर्षभराच्या कामकाजाचा अहवाल केंद्र सरकारला द्यायचा. म्हणजे हे पुस्तक कुणाला वाटलं म्हणून लिहिलेलं नाही, ते देणं आहे. त्यात पहिलं प्रकरण मागच्या वर्षाचं मूल्यमापन आणि पुढच्या वर्षाची चाहूल असं जोडीनं असतं. जगात काय चाललंय, कुठं युद्ध, कुठं जकात वाढली, तेलाचं काय; मग देशात पाऊस, पेरा, कारखाने, आयात-निर्यात, महागाई. क्रम थोडा पुढंमागं केला तर ही पट्टणकोडोलीचीच यादी आहे. तीत फक्त रोगराईचं कलम नसतं, आणि २०२० साली तेही आलं.

भाषा मात्र वेगळी. बाबांचं वाक्य तुटक, बँकेचं लांबलचक. पण दोघांनाही एक कला साधलेली आहे: कुठल्याही बाजूनं धरता येईल असं बोलायची. साडेसहा टक्के वाढ होईल म्हणून झाल्यावर अहवाल लगेच पुढं म्हणतो की धोके दोन्ही बाजूंना सारखे तोललेले आहेत. म्हणजे जास्तही होईल, कमीही होईल. आमच्याकडं “पाऊस हाय बी आन् न्हाई बी” म्हणतात, त्याचं हे मुंबईत शिकून आलेलं भावंड.

वर्ष म्हणजे तरी काय? गुढीपाडव्याला पंचांग उघडतात, त्यात संवत्सराचा राजा कोण, मंत्री कोण, धान्याचा धनी कोण, मेघांचा कोण, हे सांगितलेलं असतं. आमच्या मार्केट यार्डात गुळाचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला, मुहूर्ताच्या सौद्यानं उघडतं. मेंढरंवाल्याचं वर्ष मृगाला. आणि गंमत अशी की रिझर्व्ह बँकेचं वर्षही कितीतरी दशकं मृगाच्या आसपासच सुरू व्हायचं, जुलै ते जून, शेतीच्या हंगामाला धरून. २०२०-२१ पासून ते सरकारच्या अंदाजपत्रकाशी जुळवून एप्रिल-मार्च केलं. तो बदल करताना एक वर्ष जुलै २०२० ते मार्च २०२१ असं नऊच महिन्यांचं झालं. त्याच १९४२ शकात पंचांगात अधिक अश्विन होता, म्हणून पंचांगाचं वर्ष तेरा महिन्यांचं. करोनाचं ते वर्ष कुणाला नऊ महिन्यांचं वाटलं आणि कुणाला तेरा, हे ज्याच्या त्याच्या घरात काय झालं त्यावर. मला तेरा वाटलं.

निवृत्तीनंतर मी न्यायदर्शनाचं मराठी भाषांतर वाचायला घेतलं. बँकेत चौतीस वर्षं ‘पुरावा दाखवा’ म्हणण्यात गेली, तेव्हा पुराव्याचं शास्त्र कसं असतं ते बघावं म्हटलं. त्यातलं अनुमानाचं उदाहरण वाचलं आणि पुस्तक मिटून खिडकीतून बाहेर बघत बसलो. ढग भरून आलेले पाहून पाऊस पडेल म्हणणं, हे एक अनुमान. नदी फुगलेली पाहून वर कुठंतरी पाऊस झाला म्हणणं, हे दुसरं. एक पुढचं, एक मागचं. अहवालाच्या पहिल्या प्रकरणाचे दोन भाग हेच. (रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस, आणि त्यांनी कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. ढगाकडं पाहून त्यावर निरोप सोपवणारा यक्ष ज्याला समजला, त्याला अंदाज आणि आशा यांतला फरकही समजला असणार.)

पण न्यायसूत्रं पुढं जी शंका काढतात ती वाचताना मला पंचगंगाच दिसली. शंका अशी: नदी फुगली म्हणजे वर पाऊसच झाला कशावरून? खाली कुणी पाणी अडवलं तरी नदी फुगते. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी अलमट्टी धरणाचा वाद मांडून ठेवलाय! २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत छप्पन्नच्या वर. धोक्याची पातळी त्रेचाळीस. त्या दिवसांत कोल्हापुरात चहाच्या प्रत्येक टपरीवर न्यायशास्त्राची सभा भरायची. एक पक्ष म्हणे राधानगरीला पाऊस कोसळला, म्हणून पूर आला. दुसरा म्हणे अलमट्टीची फुग मागं सरकली, म्हणून आला. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. टपरीवरच्या समितीनं अजून निकाल दिलेला नाही. न्यायसूत्रांवरच्या भाष्याचं उत्तर असं की पावसानं फुगलेली नदी आणि अडवल्यानं फुगलेली नदी एकसारखी नसते: ओढ बघा, फेस बघा, वाहत येणारा पालापाचोळा, लाकडं बघा. खोट अनुमानात नाही, बघणाऱ्याच्या घाईत आहे.

महागाईही अशीच फुगते. मागणी वाढली म्हणून भाव चढले, की कुठंतरी माल अडला म्हणून? पहिल्यावर व्याजदर वाढवणं हा उपाय असेल. दुसऱ्यावर तो कितपत लागू पडावा? फुगवटा पाहून कारण ओळखणं, रिझर्व्ह बँकेचं सगळं काम इथं येऊन ठेपतं. माझा बाप इतकं काही बोलला नसता. तो फक्त विचारायचा, “धारण काय सांगितली?”

धारण. हा शब्द शहरातल्या मराठीतून जवळजवळ गेला. धारण म्हणजे भाव, दर, धान्याचं बाजारात चाललेलं मोल. भाकणुकीत धारण चढेल असं आलं की गर्दीतून एकाच वेळी दोन आवाज उठतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. ज्याच्या घरात पोत्यांची थप्पी आहे त्याचा “चांगभलं!” जोरात निघतो. ज्याला आठवड्याच्या बाजारातून आणून खायचं आहे त्याचा घशातच राहतो. एकच भविष्य, एकाच तोंडातून आलेलं, आणि एकाच गर्दीत ते शुभ आणि अशुभ दोन्ही.

रिझर्व्ह बँकेला धारणीची एकच बाजू दिलेली आहे. महागाई चार टक्के, दोन वर दोन खाली चालेल, हे २०१६ पासून कायद्यानं बांधून दिलेलं लक्ष्य. मे २०२५ च्या त्या अहवालात बँकेनं लिहिलं की येत्या बारा महिन्यांत महागाई चार टक्क्यांशी जुळून राहील असा विश्वास आता वाढला आहे. आणि मी ज्या ऑक्टोबरात तो कागद घेऊन यात्रेत उभा होतो, त्या महिन्याचा ग्राहक महागाईचा दर निघाला पाव टक्का. शून्य पूर्णांक पंचवीस. अंदाज चुकला, आणि चुकला तो ‘चांगल्या’ बाजूनं, म्हणून कुणी ओरडलं नाही.

कुणी ओरडलं नाही हेही खरं नाही. त्या मोजमापाच्या टोपलीत जवळजवळ सेहेचाळीस टक्के वजन खाण्यापिण्याचं होतं. टोपली हलकी झाली ती मुख्यतः भाजीपाला-डाळी उतरल्यामुळे. म्हणजे कुणाच्या तरी शेतात जे पिकलं त्याला दर आला नाही. टोमॅटोवाला ओरडतच होता, पण त्याचं ओरडणं आपल्याकडे ‘दिलासा’ या मथळ्याखाली छापतात.

वडणग्याजवळ आमच्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे. थंडीत मी तिकडं जाऊन बसतो. काहिलीत रस उकळतो, मळी वर येते, भेंडीचं पाणी घालून ती काढतात. चुलवाणात चिपाडं घालणारा घामानं निथळत असतो, आणि सगळ्यांची नजर गुळव्यावर. गुळव्या फार बोलत नाही. पाक घट्ट व्हायला लागला की फळकुटाच्या टोकावर थोडासा घेतो, गार पाण्यात सोडतो, बोटांत चोळून बघतो. गोळी धरते का. पुन्हा एकदा. मग नुसता हात वर करतो आणि चौघं मिळून काहील उतरवतात. एवढ्या त्या हात वर करण्यात अख्ख्या आधणाचं भवितव्य. लवकर उतरली तर गूळ धरत नाही, पातळ राहतो. उशीर झाला तर काळपट पडतो. आणि चूक झाली तर ती तासाभरात वाफ्यात सगळ्यांसमोर पसरलेली असते.

मी त्याला एकदा विचारलं, “सौद्याला काय दर लागेल?” तो हसला. “ते काहिलीत दिसत न्हाई सायेब.”

मला हे उत्तर फार मोठं वाटतं. त्याला पाच मिनिटांपुढचं दिसतं आणि तेवढंच तो सांगतो. दर त्याच्या पाण्याच्या वाटीत उतरत नाही, म्हणून तो बोलत नाही. न्यायदर्शनावरच्या भाष्यात आप्त कुणाला म्हणायचं याचा विचार आहे. आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं असा माणूस. त्याला ती वस्तू ठाऊक हवी, ती जशी ठाऊक आहे तशीच सांगायची इच्छा हवी. आणि भाष्यकार मोकळेपणानं म्हणतो की ही कसोटी ऋषीला जी, तीच परक्या म्लेंच्छालाही. जात, पोथी, पदवी काही विचारलेली नाही. गुळव्या बसतो त्यात. रिझर्व्ह बँक बसते का?

पुढच्याबद्दल, मला वाटतं, बसत नाही. आणि तिचा दोष नाही तो. २७ मे २०२१ ला आलेल्या अहवालात २०२१-२२ च्या वाढीचा साडेदहा टक्क्यांचा अंदाज उभा होता. ४ जूनला, आठ दिवसांत, बँकेनं स्वतःच तो साडेनऊवर आणला. करोनाची दुसरी लाट देशभर घोंघावत होती. इतक्या हुशार माणसांना आठ दिवसांपुढचं स्वतःचं वाक्य दिसत नव्हतं. आमच्या बापाला हे कळलं असतं तर त्यानं सुपारी कातरता कातरता नुसती मान हलवली असती.

तरी मी अहवालाच्या बाजूनं का आहे, ते सांगायला मला २०१६ मध्ये जावं लागतं.

८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. त्या वर्षीच्या भाकणुकीत ते नव्हतं, त्या ऑगस्टच्या अहवालातही नव्हतं. दुसरे सगळे विसरतील, रोखपाल विसरणार नाही. मी तेव्हा शाखाधिकारी होतो, पण महिनाभर काउंटरच्या आतच बसलो, रोखपालाच्या शेजारी, ओलं स्पंज पुढ्यात ठेवून. शेतात पुरलेल्या डब्यातून आलेल्या नोटांना मातीचा वास, म्हाताऱ्यांच्या कनवटीतल्या नोटांना तंबाखूचा, आणि लुगड्याच्या घडीतल्या नोटांना डांबराच्या गोळ्यांचा. बायका नवऱ्याला न कळता साठवलेले पैसे घेऊन यायच्या आणि रांगेत नवराच उभा दिसला की परत जायच्या. रात्री जेवताना बोटांना हळद लागलेली आहे की नोटांचा मळ, कळत नसे. लोक म्हणत होते, तीन-चार लाख कोटी परत येणारच नाहीत, ते काळं धन, बुडालं समजा. मोठमोठी माणसं म्हणत होती. मीही चहाच्या वेळी म्हटलं असेन.

३० ऑगस्ट २०१७ ला रिझर्व्ह बँकेचा अहवाल आला. त्यात, बाकीच्या कोरड्या परिच्छेदांसारख्याच एका कोरड्या परिच्छेदात लिहिलं होतं की बाद झालेल्या १५.४४ लाख कोटींपैकी १५.२८ लाख कोटींच्या नोटा परत आल्या. पुढच्या वर्षीच्या अहवालात मोजणी पूर्ण झाली: ९९.३ टक्के. उशीर झाला होता, दहा महिने सगळे विचारत होते आणि उत्तर मिळत नव्हतं. तरी शेवटी ते छापलं गेलं, आणि ते छापलं जाणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं. त्या आकड्यात माझ्या स्पंजावरून गेलेल्या नोटा आहेत. मातीचा वास आणि डांबराच्या गोळ्या वजा करून.

त्या दिवशी मला बापाच्या प्रश्नाचा माझा भाग सापडला. उद्याबद्दल खरं बोलता येत नाही. बोललेलं चुकणार आहेच. पण काल मी काय बोललो आणि आज काय निघालं, हे दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी मांडता येतं. भाकणुकीत ती सोय नाही. मागच्या वर्षी काय सांगितलं होतं ते बाबांना कुणी विचारत नाही, आणि विचारणं गैर आहे, कारण बाबा बोललेच नव्हते. बाप म्हणायचा, “त्यो कुठं बोलतो? द्याव बोलतोय. त्येचं नुसतं त्वांड.” ज्याचं नुसतं तोंड आहे त्याला हिशेब मागता येत नाही. देवाला मागावा तर तो पुढच्या वर्षाचंच बोलतो, मागचं नाही. चित्रगुप्ताची वही याच्या उलट. ती मागचंच लिहिते, अंदाज करायला तिच्यात जागाच नाही. एकाच वहीत डाव्या पानावर अंदाज आणि उजव्या पानावर घडलेलं, आणि दोन्ही एकाच्याच सहीखाली, असं मला कुठल्या देवळात दिसलेलं नाही.

सहीवरून आठवलं. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात आता असं कलम आहे की महागाई लागोपाठ तीन तिमाह्या सहाच्या वर किंवा दोनच्या खाली राहिली तर ते अपयश धरायचं, आणि बँकेनं सरकारला लेखी कळवायचं: का चुकलो, काय करणार, किती दिवसांत करणार. २०२२ साली ती वेळ आली. ३ नोव्हेंबरला पतधोरण समिती त्यासाठी खास बसली, पत्र गेलं. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताची रीत हीच: परिषदेसमोर जाऊन आपण होऊन दोष सांगायचा, उपाय विचारायचा, मुदत ठरवून घ्यायची. फक्त बँकेचं ते पत्र सरकारनं उघड केलं नाही. ज्यांच्या पिशवीतलं तेल-डाळ महाग झालं त्यांना ती कबुली वाचायला मिळाली नाही. मला हे पटत नाही. कबुली दिली, पण गाभाऱ्याचं दार लावून.

आणि आणखी एक मला पटत नाही, ते जवळचं आहे.

भाकणुकीच्या शेवटी कांबळ्याची गोष्ट येते. जो माझी सेवा करेल त्याला मी माझ्या कांबळ्याखाली घेईन, असं देवाचं आश्वासन. धनगराला कांबळं म्हणजे घर. उघड्या माळावर पावसात मेंढराचं कोकरू आणि स्वतःचं पोर तो एकाच घोंगड्याखाली घेतो. आता लोकरीला भाव राहिला नाही, कातरणाऱ्याची मजुरी तिच्यातून निघत नाही, पण कांबळ्याचा शब्द तसाच आहे. रिझर्व्ह बँकेकडेही कांबळं आहे. बँकांना कुणी उसनं देईना अशी वेळ आली तर अखेरीस ती देते. आणि ठेवीदारासाठी ठेव विमा: १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून हा विमा आला. सुरुवातीला पंधराशे रुपयांपर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे. विकासदरापेक्षा मला हे काम मोठं वाटतं. साडेसहा टक्के कुणी पांघरत नाही.

पण ते कांबळं पतसंस्थेपर्यंत पोचत नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, ठेव विमा तिला लागू नाही. माझी थोरली बहीण, वय एकाहत्तर. दूध घालून साठवलेले ऐंशी हजार तिनं गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले होते. मी बँकेत असताना! तिला म्हटलं होतं, आमच्याकडं ठेव. ती म्हणाली, तुझ्या बँकेत टेबलापलीकडचं माणूस ओळखीचं नाही, इथला पोरगा मला आक्का म्हणतो. संस्था बंद पडली. अवसायक आला, अर्ज झाले, पैसे आले नाहीत. मी तीन वेळा तालुक्याला जाऊन आलो. अहवालात शोधू गेलं तर बँकांची बुडीत कर्जं दशांशापर्यंत सापडतात. आक्का कुठल्याच तक्त्यात नाही, कारण ती ज्या दाराबाहेर उभी आहे ते दारच त्या इमारतीचं नाही. तिनं केलेली चूक विश्वासाची होती. रिझर्व्ह बँकेची नोटसुद्धा एक वचनच असते, वर गव्हर्नरची सही असलेलं. आक्कानं सही बघितली नाही, हाक ऐकली.

तिला अहवालाबद्दल मी कधी सांगत नाही. भाकणुकीबद्दल सांगावं लागतं, कारण गुडघ्यांमुळे ती आता यात्रेला येत नाही. या वेळी परत आलो तेव्हा दारातच विचारलं तिनं, “धारण काय सांगितली?” अगदी बापाचा आवाज. मी जे ऐकलं होतं ते सांगितलं, माझ्यापर्यंत येता येता जसं झालं होतं तसं.

“आन् कांबळा?”

“घेतो म्हणालाय.”

मी पिशवी उलटी केली. कागदांच्या घडीत अडकलेला भंडारा जमिनीवर सांडला. तिनं हळूहळू वाकून चिमूट-चिमूट गोळा केला, कपाळाला लावला, उरलेला बांधायला कागद शोधायला लागली. मी अहवालाचं शेवटचं कोरं पान फाडून पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. ट्रंक उघडली, तळातून पतसंस्थेची ठेव पावती काढली, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, आणि तिच्यात भंडारा घालून चार घड्या केल्या. पावतीवर मुदत संपल्याची तारीख होती, १४ मे २०१४. घडी घालताना ती तारीख आत गेली.